रांगेत अजून सत्तर

किरुना, डिसेंबर. सूर्य रजेवर.
टेकडीवरची मोठी थाळी आभाळाकडे तोंड करून बसलेली
आणि मी तिच्या पायथ्याशी, तिसऱ्या कॉफीपाशी.

उपग्रह ध्रुवाकडून येतो,
दहा-अकरा मिनिटं डोक्यावर असतो,
तेवढ्यात समुद्राच्या बर्फाची चित्रं ओततो
आणि क्षितिजाखाली उतरतो.
त्याची वाट बघणारा प्रोग्राम मी लिहिला.

वाट बघणं म्हणजे
क्षणाक्षणाला दाराशी जाऊन ‘आलं का, आलं का’ नव्हे.
तसला आधीचा होता, येरानचा.
रात्रभर रिकाम्या फोल्डरची कडी वाजवायचा,
सकाळी प्रोसेसर तापलेला, हाती शून्य.
माझा निजतो.
फाइल पडली की उठतो,
नाही पडली तर कूसही बदलत नाही.
हे घडलं की ते कर, एवढंच त्याला सांगितलं
आणि स्वतःवर खूश होऊन मी घरी गेले.

रात्रपाळीच्या हिलेवीने त्याला मारून टाकलं.
‘दोन तास गप्प होता,’ म्हणाली, ‘मला वाटलं, गेला.’
गेला नव्हता.
ढग कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो
ते मान खाली घालून निवडत होता, तांदळातल्या खड्यांसारखं.
तिने पहिल्यापासून सुरू केला.
चाळीस मिनिटांनी पुन्हा मारला.
खाली बोथनियाच्या आखातात
एक जहाज नकाशाविना उभं राहिलं सकाळपर्यंत.
कप्तानाचा फोन आला.
त्याने शिव्या दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मी टक्के बसवले.
दर तीस सेकंदांनी एक ओळ:
बारा. एकोणीस. चौतीस. एकाहत्तर.
तेवढ्यात दुसरा उपग्रह वर आला, चित्रं वाढली,
आणि एकाहत्तरचे अठ्ठावन्न झाले.
‘हे मागे कसं जातं?’ हिलेवीने विचारलं.
एकूण किती, ते आभाळालाच ठाऊक नाही,
मी टक्के काढत होते ते कशाचे?
तरी लाज राखायला आकडा ब्याण्णववर अडवून धरला.
खोटंच, पण सभ्य.
दोन रात्री ती त्या ब्याण्णवकडे बघत बसली,
तिसऱ्या रात्री तिने पडद्यावर टोपी अडकवली.

इथे रात्री सव्वाच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडतात.
कपातला चमचा किणकिणतो, आम्ही वर बघतही नाही.
वडील तीस वर्षं त्या पोटात होते.
दर दोन तासांनी वर फोन करायचा, असा नियम.
काय सांगतात हो ते, आईने एकदा
फोन घेणाऱ्याला दुकानात गाठून विचारलं.
‘चौथ्या बोगद्यात आहे. एकवीस गाड्या भरल्या. बस्स.’
किती उरल्या, हे कुणी विचारायचं नाही.
डोंगर का कधी भरून संपतो?
आईला मात्र वाटलं होतं, आपलं नाव निघत असेल.

टक्के काढून टाकले.
आता ओळ पडते ती अशी:
चारशे बारावं चित्र. ढग वेगळे करणं चालू.
रांगेत अजून सत्तर, वाढू शकतात.
नवं काही नसलं तरी पडते.
सांगणारा धागा वेगळा, करणारा वेगळा,
कारण कामात बुडालेल्याने स्वतःहून मान वर काढून बोलावं
ही आशा मी नवऱ्याच्या बाबतीतही सोडली आहे.
लागोपाठ तीन ओळी चुकल्या,
तर हिलेवीने खुशाल मारावं.
जिथे पडेल तिथूनच उठायला
आता त्याला शिकवलं आहे.

काल ती पडद्यासमोर मोजे विणत होती,
टोपी डोक्यावर.
घाईत मी एका जागी ‘ढग’चं ‘ढढग’ लिहिलंय,
दर तीस सेकंदांनी तेच उमटतं.
ती म्हणते, राहू दे, सोबत वाटते.
नीट करायचं आहे.
रांगेत आहे.